ग्राफिक्स कार्ड तगडं असूनही गेम गचके खातो, हा दोष कॉपी प्रोटेक्शनचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्राफिक्स कार्ड नवं आहे, सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) सत्तरच्या वर दिसतात, तरी रीतसर विकत घेतलेला गेम मधूनच गचके खातो. हे प्रोटेक्शनमुळे, म्हणजे चोरटी प्रत चालू नये म्हणून गेमला लावलेल्या कुलपामुळे होतं का, आणि मित्र म्हणतो तसा क्रॅक, म्हणजे ते कुलूप फोडलेली फाइल, टाकला तर सुटेल का?

लहान उत्तर: काही अंशी होतं, आणि मित्राचं ऐकू नका. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. मला मात्र थांबता येणार नाही, कारण याच विषयावर माझं आणि माझ्या आतेभावाचं काही वर्षं वाजलेलं आहे.

दादा प्रोग्रॅमर. हिशेबाचं एक सॉफ्टवेअर स्वतः लिहून विकतो आणि त्याच्या फुकट कॉप्या फिरताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यात. त्यामुळे प्रोटेक्शनचा विषय निघाला की तो वकीलपत्र घेऊनच बसतो. मी एक मोठा ओपन वर्ल्ड गेम पहिल्याच दिवशी पूर्ण किमतीला घेतला होता. गेमचं नाव सांगत नाही, कारण गेम चांगलाच आहे. त्यात एक बाजारपेठ आहे. घोड्यावरून तिच्यात शिरलं की चित्र थबकायचं, चालू व्हायचं, पुन्हा थबकायचं. घोडा एका जागी, आवाज पुढे. दादाला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "प्रोसेसर कोणता आहे तुझा?" मी विषय बदलला. मग म्हणाला, "विंडोजचा कचरा असेल. तुझ्याकडे लिनक्स आहे ना? प्रोटॉनवर चालवून बघ."

प्रोटॉन म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय. शनिवारची संध्याकाळ होती. प्रोटॉनची एक आवृत्ती लावायची, सेव्ह उघडायचा, घोडा बाजारात घालायचा, किती गचके बसले ते वहीत लिहायचं, दुसरी आवृत्ती लावायची. पाच आवृत्त्या झाल्या. सहाव्या वेळी गेम उघडलाच नाही. त्याऐवजी एक चौकट आली: आज हा गेम खूप जास्त संगणकांवर सुरू करण्यात आला आहे, नंतर प्रयत्न करा.

खोलीत मी एकटा. संगणक एक. त्याच्यातला एक स्क्रूसुद्धा हललेला नाही. पण प्रोटॉनची आवृत्ती बदलली की त्या प्रोटेक्शनला तो नवाच संगणक वाटतो, आणि चोवीस तासांत पाचापेक्षा जास्त संगणक त्याला खपत नाहीत. म्हणजे गेम का अडखळतोय हे शोधायला गेलो म्हणून गेमच्या बाहेर काढला गेलो. रविवार सगळा कोरा गेला. सपोर्टला मेल टाकली, तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की कृपया डीएक्सडायगचा रिपोर्ट पाठवा. ती विंडोजची सोय आहे आणि मी लिनक्सवरून लिहितोय हे मेलच्या पहिल्याच ओळीत होतं. तोवर कुलूप आपोआप उघडलेलंही होतं.

हे दादाला सांगितलं तर म्हणतो, "उघडलं ना शेवटी? चोरी अडवायची तर थोडी झळ सावांनाही लागणारच." मी म्हटलं, थोडी झळ? चोर तर पहिल्या आठवड्यापासून निवांत खेळतोय, त्याला चौकट नाही, मेल नाही, डीएक्सडायग नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "पुरावा आण." आणले. दोन वर्षं आणत होतो.

सगळ्यात वजनदार पुरावा रेझिडेंट ईव्हिल व्हिलेज या गेमचा. २०२१ मध्ये पीसीवर आला तेव्हा त्यात डेन्यूवो नावाचं प्रोटेक्शन होतं आणि त्यावर गेम बनवणाऱ्या कॅपकॉमचा स्वतःचा आणखी एक थर. शत्रूला गोळी घातली की चित्र अडकायचं. म्हणजे नेमकं ज्या क्षणासाठी गेम घेतला त्याच क्षणी. काही आठवड्यांनी क्रॅक आला आणि त्यात ते अडकणं जवळजवळ नाहीसं झालेलं. गेमचा वेग तपासणाऱ्या डिजिटल फाउंड्रीने दोन्ही शेजारी ठेवून मोजलं आणि फरक खरा निघाला. मग कॅपकॉमने जुलैत पॅच काढला आणि प्रोटेक्शन जिथे बसवलं होतं तिथे फेरफार केल्याचं मान्य केलं. टेकन ७ या मारामारीच्या गेमच्या बाबतीत तर त्याचे प्रमुख कात्सुहिरो हाराडा यांनीच २०१८ मध्ये सांगितलं होतं की अकुमा या पात्राच्या एका ठरावीक माऱ्याला पीसीवर फ्रेम कमी होतात त्या डेन्यूवोमुळे.

दादाचं यावर उत्तर तयार होतं: "ही चूक कुलूप बसवणाऱ्याची, कुलपाची नाही." आणि खरं सांगतो, तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य आहे, तेव्हा मी मान्य केलं नसलं तरी. डेन्यूवो गेमच्या निवडक फंक्शन्सचा कोड उलथापालथ करून स्वतःच्या एका आभासी यंत्राच्या भाषेत नेतं. तो कोड मग प्रोसेसरवर थेट चालत नाही, त्या यंत्रामार्फत चालतो, आणि असा कोड मूळ कोडपेक्षा कितीतरी हळू असतो. आता हे फंक्शन मेनू उघडताना एकदाच लागणारं असेल तर कोणाच्या बापाला कळणार नाही. पण साठ एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला येतात १६.७ मिलिसेकंद. त्या हिशेबात दर गोळीला किंवा दर फ्रेमला असं काहीतरी मध्ये घुसलं की मेलाच गेम. म्हणून "डेन्यूवोने इतके टक्के जातात" असा एकच आकडा कोणी सगळ्या गेमना लावत असेल तर त्याने मोजलेलं नाही, ऐकलेलं आहे. एका गेममध्ये शून्य, दुसऱ्यात तुमचा संध्याकाळचा मूड.

पण मूळ भांडण फ्रेमचं नव्हतंच, हे मला उशिरा कळलं. दुकानाने मला हळू गेम दिला तर मी चिडेन. मी घेतलेल्या वस्तूला हात लावायची परवानगी दर वेळी मागायला लावली तर माझा अपमान होतो. सिमसिटी आठवतोय? मार्च २०१३ मध्ये आला, एकट्याने शहर वसवायलाही सर्व्हरशी जोडलेलं राहणं सक्तीचं, आणि सर्व्हर पहिल्याच आठवड्यात आडवे. इंटरनेटशिवाय चालणं शक्यच नाही असा सूर लावला गेला होता, आणि वर्षभराने ऑफलाइन मोडचा अपडेट आलासुद्धा. २०१२ मध्ये ॲनो २०७० चं उदाहरण. ग्राफिक्स कार्डांची तुलना करायला एका समीक्षकाने कार्डं बदलली, तर प्रत्येक बदलाला गेमने एकेक ॲक्टिवेशन (गेम सुरू करायची परवानगी) खाल्लं आणि ठरलेली तीन संपल्यावर दार लावून घेतलं. माझीच गोष्ट, माझ्याआधी.

जुन्या डिस्कवाल्यांचे हाल तर विचारू नका. सेफडिस्क नावाचं प्रोटेक्शन विंडोजच्या पार पोटात आपला ड्रायव्हर बसवायचं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सुरक्षेला धोका म्हणून त्याला थाराच दिला नाही. डिस्क कपाटात, ओरखडासुद्धा नाही, मूळ पेटी जपलेली, आणि गेम चालत नाही. त्या गेमची चोरलेली प्रत मात्र चालते. हे वाक्य मी दादाला तीनदा ऐकवलंय आणि तिन्ही वेळा त्याने चहा आणायला म्हणून उठून जाणं पसंत केलंय.

आणि मग आला नोव्हेंबर २०२१. इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले, ज्यात दोन जातींचे कोअर असतात, मोठे जोरकस आणि छोटे काटकसरी. काही गेमच्या प्रोटेक्शनला दोन जातींचे कोअर दिसले आणि त्याने निष्कर्ष काढला की हे दोन वेगळे संगणक आहेत, गेम एकाच वेळी दोन ठिकाणी चालवतोय हा माणूस. इंटेलने स्वतः अशा गेमची यादी जाहीर केली, पन्नासच्या आसपास होते. तात्पुरता उपाय काय, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एक पर्याय चालू करायचा आणि खेळण्याआधी स्क्रोल लॉकचं बटण दाबून छोटे कोअर झोपवायचे. दादाने तेव्हा नुकताच असला नवाकोरा प्रोसेसर घेतला होता. त्याचा फोन आला. आवाज अगदी साधा ठेवून विचारतो, "अरे, ते स्क्रोल लॉकचं काय आहे?" मी म्हटलं, पुरावा आणायला वेळ लागेल.

आता माझी बाजू पडते तो भाग. सांगायला नको वाटतं, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. माझा तो बाजारपेठवाला गेम घेऊन दीडेक वर्ष झाल्यावर एक पॅच आला. यादीत फक्त "किरकोळ दुरुस्त्या" लिहिलेलं, पण एक्झी, म्हणजे गेम चालवणारी मुख्य फाइल, आधीच्या पावपटीपेक्षाही लहान झालेली. प्रोटेक्शन काढून घेतलं होतं, गुपचूप. भांडणासाठी जपलेली जुनी मोजमापं माझ्याकडे होतीच. तोच संगणक, तेच सेटिंग, तोच घोडा. प्रत्येक चाचणी तीनदा. सरासरी ७१ ची ७३ झाली, म्हणजे काहीच नाही. वन पर्सेंट लो, म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग, ३८ वरून ४६ वर गेला, तो फरक हाताला जाणवतो. गेम सुरू व्हायला एक्केचाळीस सेकंद लागायचे, ते सव्वीसवर आले. आणि बाजारपेठ? तिथे तसाच थबकला. जसा पहिल्या दिवशी थबकला होता तसाच. ते गचके प्रोटेक्शनचे नव्हतेच. शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, जागेवर तयार होत होते आणि डिस्कवरून नवा मुलूख ओढला जात होता, दोन्ही कामं प्रोसेसरच्या डोक्यावर.

तेव्हा तुम्ही आधी एवढं पाहा. गचका एका ठिकाणी पहिल्यांदा बसतो आणि त्याच ठिकाणी परत गेल्यावर बसत नाही, तर तो शेडरचा आहे. प्रोटेक्शनला शिव्या देऊ नका, गेममध्ये आधीच शेडर तयार करून घ्यायची सोय असेल तर ती पूर्ण होऊ द्या, मध्येच रद्द करू नका. एकच कृती केली की दर वेळी, कुठेही, गचका बसतो, जसा त्या व्हिलेजमध्ये गोळीला बसायचा, तर संशयाला जागा आहे. रिझोल्यूशन एकदम खाली आणून पाहा. तरी एफपीएस वाढले नाहीत तर अडचण प्रोसेसरकडे आहे, आणि प्रोटेक्शन खातं तेही प्रोसेसरचंच, कार्डाचं नाही. सरासरी एफपीएस बघणं सोडून द्या, सरासरीत गचका विरघळून जातो. कॅपफ्रेमएक्स किंवा आफ्टरबर्नर या मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर फ्रेम टाइमचा, म्हणजे दर फ्रेमला लागलेल्या वेळाचा, आलेख लावा, त्यात गचका सुळक्यासारखा वर येतो.

क्रॅकबद्दल. नैतिकता बाजूला ठेवू, तिच्यावर बोलायला दादा आहे. बरेचसे क्रॅक प्रोटेक्शन उपटून काढत नाहीत, त्याला फक्त खोटा परवाना दाखवून गप्प बसवतात. तो हळू कोड आतमध्ये चालतच राहतो. म्हणजे फ्रेम मिळायच्या नाहीत आणि अनोळखी माणसाची एक्झी ॲडमिनच्या अधिकाराने चालवल्याचं बक्षीस वेगळं. मी स्वतः गॉग या ऑनलाइन दुकानात मिळतो तो गेम तिथूनच घेतो, तिथे प्रोटेक्शन नसतंच. आणि जो तिथे मिळत नाही त्याची एक वर्ष वाट बघतो. पुष्कळदा तोवर प्रकाशक स्वतःच प्रोटेक्शन काढतो, कारण विक्रीचा भर ओसरल्यावर त्याची किंमत मोजत बसणं त्यालाही परवडत नाही. डूम या गेममधून २०१६ च्या डिसेंबरमध्येच काढलं होतं, गेम मे महिन्यात आलेला.

एक राहिलं. माझे आकडे एका संगणकावरचे, एका गेमचे आहेत, आणि मधल्या दीड वर्षात ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोनदा तरी बदलला होता. गेममध्येही इतर पॅच आले होते. म्हणजे ३८ चे ४६ झाले त्याचं सगळं श्रेय प्रोटेक्शन गेल्याला देता येत नाही. भांडणात मी हे सांगत नाही, इथे सांगतोय.

तुम्ही कार्डाचं नाव पूर्ण लिहिलंय, रॅम लिहिलीय, प्रोसेसर लिहिलेला नाही. तो कळवा. मला ही युक्ती माहीत आहे, कारण दादाने विचारलं तेव्हा माझ्याकडे चार कोअरचा आठ वर्षं जुना प्रोसेसर होता आणि त्याचं नाव मी दोन वर्षं घेतलं नाही. गेल्या वर्षी तो बदलला. बाजारपेठेत आता घोडा जेमतेम डोळा मिचकावल्याएवढा थांबतो. दादाला मी अजून एवढंच सांगितलंय की प्रोटेक्शन काढल्यावर गेम सुधारला.