नुसत्या चर्चेने काय होतं?

प्रश्न : सप्टेंबर २०२५मध्ये रशियन ड्रोन घुसल्यावर पोलंडने नाटोच्या कलम ४खाली चर्चा मागितली. चर्चेने काय साधतं? – एक वाचक, सांगली

उत्तर : पुष्कळ साधतं, असं मी ठामपणे म्हणेन. एका सदस्याला धोका वाटला तरी सगळ्यांनी एकत्र बसायचं, एवढंच हे कलम सांगतं. सामूहिक संरक्षणाचं, म्हणजे एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानणारं कलम ५ वेगळं. ते फक्त २००१च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर लागू झालं.

मला २००३चं तुर्कस्तान आठवतं. इराकयुद्धाच्या तोंडावर त्याने याच कलम ४खाली नाटोकडे संरक्षणासाठी मदत मागितली. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम अडून बसले. निर्णय एकमतानेच, म्हणून गाडं रुतलं. अखेर ज्या समितीत फ्रान्स नव्हता, तिथे तोडगा निघाला. पोलंडच्या वेळी मात्र दोनच दिवसांत नाटोच्या पूर्व सीमेच्या रक्षणासाठी ‘ईस्टर्न सेंट्री’ मोहीम जाहीर झाली. डेन्मार्कने एफ-१६ आणि फ्रान्सने राफेल विमानं देऊ केली.