ग्लासगोची इंग्रजी का कळत नाही?

प्रश्न : लंडनच्या बातम्या मला नीट समजतात, पण स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचा माणूस बोलू लागला की गोंधळते. दोन्ही इंग्रजीच ना?

उत्तर : दोन्ही इंग्रजीच, आणि एकही अशुद्ध नाही. ग्लासगोच्या सहकाऱ्याचं बोलणं कळायला मला तीन आठवडे लागले होते. मला उपयोगी पडला तो ‘र’. लंडनकडचे लोक ‘कार’मधला शेवटचा ‘र’ बहुधा गाळतात, स्कॉटिश माणूस तो ठसठशीत उच्चारतो. ‘वॉटर’मधला ‘ट’ ग्लासगोत पुष्कळदा घशातच अडतो, अमेरिकेत ‘ड’कडे झुकतो. १९६२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ वदवून घेतलं. सर्वांत महागड्या दुकानात ‘र’ जास्त ऐकू आला! म्हणजे लंडनकडे गाळला जाणारा ‘र’ तिथे प्रतिष्ठेचा. उच्चारावरून माणसाची हुशारी जोखणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं. कान सरावायला एकाच ग्लासगोकराला रोज दहा मिनिटं ऐका.