क्लाराने लिहिणं का थांबवलं? आणि इतर प्रश्न

रोमँटिक काळातल्या पियानोवादक आणि संगीतकार क्लारा शूमान (१८१९–१८९६) यांच्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न : वडिलांनी तिला घडवलं की पिळून काढलं?

दोन्ही. तिचे वडील, जर्मनीतल्या लाइपत्सिगचे फ्रीडरिश वीक, हे नावाजलेले पियानो शिक्षक. आईवडिलांचा काडीमोड झाल्यावर मुलगी वडिलांकडे राहिली. चार वर्षं उलटून गेली तरी ती धड बोलत नव्हती. घरच्यांना वाटायचं, बहिरीच आहे. त्याच मुलीने नवव्या वर्षी तिथल्याच गेवांडहाउस या मैफलींच्या सभागृहात वाजवलं, हे श्रेय वीकचंच. पण तिची डायरी उघडून पाहा. सुरुवातीची कितीतरी पानं वडिलांच्या हातची आहेत, आणि तीही ‘मी’ म्हणून, जणू मुलगीच लिहितेय! दौऱ्यांचा हिशेबही त्यांच्याच हातात. पुढे संगीतकार रॉबर्ट शूमानशी लग्न करायला त्यांनी आडकाठी केली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागला आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, एकविसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, लग्न लागलं.

प्रश्न : एवढी प्रतिभा होती, तर रचना इतक्या थोड्या का?

‘नवऱ्याने दाबलं’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. रॉबर्ट तिला लिहायला सांगत असे. १८४१ साली दोघांच्या गाण्यांचा एकत्र संग्रहही निघाला. अडचण घराच्या भिंतींची होती. तो लिहायला बसला की तिचा पियानो बंद, कारण आवाज पलीकडे जायचा. त्यात आठ बाळंतपणं. शिवाय काळाची शिकवण तिच्या स्वतःच्या मनातही मुरलेली होती. वयाच्या विसाव्या वर्षी तिने डायरीत लिहिलं की आपल्यात सर्जनशक्ती आहे असं कधीकाळी वाटायचं, आता तो विचार सोडला. बाईने रचना करण्याची इच्छा धरू नये.

डायरीतल्या या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. १८५३च्या सुमारास ड्युसेलडॉर्फच्या नव्या घरात तिला वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळाली, नवऱ्याला त्रास न होता वाजवता येईल अशी. त्याच उन्हाळ्यात काय झालं बघा : रॉबर्टच्या एका सुरावटीवरचे व्हेरिएशन्स (तीच सुरावट वेगवेगळ्या रूपांत), पियानोसाठी रोमान्स (छोट्या भावपूर्ण रचना), व्हायोलिन आणि पियानोसाठी तीन रोमान्स, सहा गाणी. एका खोलीने एवढं केलं.

फेब्रुवारी १८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण उरलेले दिवस त्याने बॉनजवळच्या एंडेनिखच्या मनोरुग्णालयात काढले आणि जुलै १८५६ मध्ये तो गेला. सात मुलं आणि कमावणारी ती एकटी. लोकांनी मदतनिधीच्या मैफली देऊ केल्या, तिने नाकारल्या आणि स्वतः दौऱ्यावर निघाली. तिथून पुढे लिहिणं जवळजवळ संपलंच. मैफलीची बिदागी लगेच हातात पडते, रचनेचं तसं नाही. मला तरी हे कारण प्रतिभेच्या चर्चेपेक्षा जास्त पटतं.

प्रश्न : नोटेशन समोर न ठेवता वाजवण्याची प्रथा तिने सुरू केली का?

एकटीने नाही, पियानोवादक फ्रान्झ लिस्टही तसं वाजवायचा. पण ती रूढ करण्यात तिचा मोठा वाटा आहे. आपल्याकडे मैफलीत समोर कागद ठेवून गाणारा खटकतो; तिथे तेव्हा उलट होतं. दुसऱ्याची रचना पाठ वाजवणं हा आगाऊपणा समजला जाई, आणि लेखिका बेटिना फॉन आर्निम यांनी तरुण क्लारावर नेमका हाच ठपका ठेवला होता. आज स्पर्धांमध्ये पाठांतर विसरण्याच्या भीतीने घाम फुटणाऱ्या विद्यार्थ्यांनी याबद्दल कोणाला बोल लावायचा, ते ठरवावं.

प्रश्न : ब्राम्स आणि ती... खरं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वाचकांनी पाठवला, आणि त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे. १८५३च्या शरदात वीस वर्षांचा संगीतकार योहानेस ब्राम्स शूमान दांपत्याच्या दारात आला. ती चौदा वर्षांनी मोठी. रॉबर्टच्या आजारपणात तो घर सांभाळायला धावून आला आणि जन्मभर जवळचा राहिला. पुढे दोघांनी एकमेकांची बरीच पत्रं नष्ट केली. त्यांना जे झाकायचं होतं ते झाकलेलंच राहू द्यावं.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करू?

तिच्या ए मायनरमधल्या पियानो कॉन्चेर्टोपासून (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) करू नका, असं पुष्कळ जण सांगतात. मी म्हणेन, त्याचा मधला भाग तरी ऐकाच. सोळा वर्षांची मुलगी १८३५ साली संगीतकार मेंडेल्सोन वाद्यवृंदाचं संचालन करत असताना स्वतःचा कॉन्चेर्टो वाजवतेय, आणि मधल्या भागात तिने सगळा वाद्यवृंद गप्प बसवलाय. पियानो आणि एकच चेलो एवढेच बोलतात. अगदी शेवटी टिंपनी, म्हणजे नगाऱ्यासारखं वाद्य, हलकेच घुमते.

मग जी मायनरमधला पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी, १८४६) घ्या. तिची सर्वांत पक्की बांधणी इथे आहे. आणि व्हायोलिनवर प्रेम असेल तर १८५३चे तीन रोमान्स. व्हायोलिनवादक योआखिमला अर्पण केलेले हे तुकडे तो आणि क्लारा मिळून वाजवत. सगळे मिळून जेमतेम दहा मिनिटांचे आहेत.