क्लास लावण्याआधी ताळा शिकवा

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीत आहे, गृहपाठ रोज पूर्ण असतो, पण गाइड मिटलं की बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती काहीच सुटत नाही, तर क्लास लावावा का? मी नागपुरात बरीच वर्षं संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवतो. मला विचाराल तर क्लासचं नंतर बघा, आधी तिला ताळा करायला शिकवा. आपलं उत्तर बरोबर की चूक हे तिला स्वतःला कळायला लागलं, की गाइड उघडायची गरज उरत नाही.

बीजगणितात हे सोपं आहे. क्ष² − ५क्ष − १४ = ० सोडवताना ७ आणि २ सापडतात, पण चिन्हं उलटी लागतात आणि उत्तर येतं −७ आणि २. तिला −७ समीकरणात ठेवायला सांगा. ४९ + ३५ − १४, म्हणजे ७०. शून्य आलं नाही. आता ७ ठेवा: ४९ − ३५ − १४, शून्य. चूक तिची तिलाच सापडली. मात्र हे तोंडी नको, वहीत लिहूनच.

भूमितीत असं उत्तर ठेवून बघता येत नाही, म्हणून मुलं तिथेच जास्त फसतात. माझ्याकडच्या एका मुलीने त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला आणि पुढच्या ओळीत पायाचे दोन भाग समान धरून मोकळी झाली. कारण विचारलं तर म्हणे, "काका, दिसूनच राहिलं ना!" दिसत होतंच, कारण तिने त्रिकोणच समद्विभुज काढला होता. म्हटलं, "दिसून राहिलं, पण पक्षात, म्हणजे प्रश्नात दिलेल्या माहितीत, दिलं आहे का?" मग तोच त्रिकोण एक बाजू लांब, एक आखूड असा काढायला लावला. लंब एका कोपऱ्याकडे सरकला. ती बराच वेळ दोन्ही आकृत्या बघत बसली. तेव्हापासून मी प्रत्येक सिद्धतेला दुसरी, मुद्दाम तिरपी आकृती काढायला लावतो. त्या आकृतीत जी ओळ कोसळते, ती मुलाने मनानेच धरलेली असते.

त्रिकोणमितीत पाठांतराआधी अंदाज हवा. २० मीटर अंतरावरून झाडाच्या टोकाचा उन्नत कोन, म्हणजे आडव्या रेषेपासून वर बघतानाचा कोन, ३० अंश असेल, तर उंची २० भागिले √३, म्हणजे सुमारे साडेअकरा मीटर. मुलं भागण्याऐवजी गुणतात आणि ३४ मीटरचं झाड उभं करतात. कोन ४५ पेक्षा लहान असेल तर उंची अंतरापेक्षा कमीच येणार, एवढं ध्यानात असलं तरी ही चूक लगेच दिसते.

हा ४५ चा कोन नागपुरात अंगणात बघायला मिळतो. आपलं अक्षांश सुमारे २१ अंश. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साडेतेवीस अंशांवर असतो. ९० मधून दोन्ही वजा करा, साधारण ४५ उरतात; भर दुपारी सूर्य क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर असतो. त्या दिवसांत दुपारी सव्वाबाराच्या आसपास तिला सपाट जागेवर उभं करा आणि टेपने सावली मोजा. उंची १५० सेंटिमीटर असेल तर सावली १४८ च्या जवळपास भरेल. टॅन ४५, म्हणजे इथे उंची भागिले सावली, बरोबर १ म्हणजे काय, ते तिच्या पायाशी पडलेलं असेल. मग लगेच, ऊन सरकायच्या आत, गल्लीतल्या विजेच्या खांबाची उंची तिलाच काढायला सांगा.