दहावी इथे करून नेऊ, की आत्ताच?

“मॅडम, जर्मनीला जायचं नक्की झालंय. मुलीला कोणत्या शाळेत घालायचं तेवढं सांगा.”

जुलै 2024 ची गोष्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी किती चढलं हे सगळी सांगली तासातासाला फोनवर बघत होती, अशा दिवसांत हे दोघे विश्रामबागेत माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. ती मिरजेतल्या एका रुग्णालयात बारा वर्षं नर्स. सगळे तिला सिस्टरच म्हणतात, मीही तेच म्हणते. तो तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत, सेमी इंग्रजी, वर्गात पहिली. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला होता आणि मिरजेच्या नर्सेसमध्ये जर्मनच्या क्लासची लाट आली होती. सिस्टर मात्र आधीपासूनच शिकत होत्या. रात्रपाळी करून बी-टूपर्यंत, म्हणजे भाषेच्या सहा पातळ्यांतल्या चौथ्या पातळीपर्यंत पोचल्या होत्या.

वडिलांच्या हातात एक प्रिंटआउट होता. त्या राज्याच्या राजधानीच्या, श्टुटगार्टच्या, आसपासच्या चार शाळांची नावं, त्यातल्या दोन इंग्रजी माध्यमाच्या इंटरनॅशनल. समासात पेनाने लिहिलेलं : “गिम्नाझियुमच. बाकी नको.” पुण्यातल्या चुलतभावाने फोनवर सांगितलेलं ते वाक्य. तो पुढे असंही म्हणाला होता की गिम्नाझियुम मिळालं नाही तर पोरगी आयुष्यभर मजुरी करेल, त्यापेक्षा दहावी इथेच करू दे, मग न्या.

हा प्रश्न आता महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे येतो. देश बदलतो, प्रश्न तोच : “दहावी इथे करून नेऊ, की आत्ताच?” म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी तिथली व्यवस्था. जर्मनीत सोळा राज्यं आणि शाळांचा कारभार राज्यांकडे, त्यामुळे ‘जर्मनीत असं असतं’ म्हणणाऱ्याला पहिल्यांदा ‘कुठल्या राज्यात?’ असं विचारावं. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे मूल दहा वर्षांचं असताना, वाटा फुटतात. गिम्नाझियुम ही विद्यापीठाकडे नेणाऱ्या आबिटूर परीक्षेची वाट, आपल्याकडच्या व्यायामशाळेशी तिचा संबंध नाही. रेआलशूले दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत जाते. हाउप्टशूले त्याहून लवकर कामाच्या शिक्षणाकडे वळवते. या सगळ्यांना एका छताखाली घेणाऱ्याही शाळा आहेत, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये त्यांना गेमाइनशाफ्ट्सशूले म्हणतात.

चुलतभावाला भीती वाटत होती ती या वाटांची. आपल्याकडे फाटा चुकला की गाडी थेट दुसऱ्या गावाला जाते, तसंच तिथे असेल असं त्याने धरलं होतं. पण रेआलशूलेतून दहावी चांगल्या गुणांनी झाली की तीन वर्षांच्या व्यवसायाभिमुख गिम्नाझियुमला जाता येतं आणि तिथून पूर्ण आबिटूर मिळतो. आबिटूरसाठी दुसरी परकी भाषा लागते. साध्या गिम्नाझियुममध्ये ती सहावीच्या सुमाराला सुरू झालेली असते, मग चौदाव्या वर्षी पोचलेलं मूल एकाच वेळी जर्मनही शिकणार आणि फ्रेंचही. व्यवसायाभिमुख गिम्नाझियुममध्ये ही दुसरी भाषा नव्याने सुरू करता येते. उशिरा आलेल्या मुलांसाठी हा तपशील शाळेच्या नावापेक्षा मोलाचा.

आणि ‘मजुरी’चं म्हणाल तर जर्मनीत नर्सिंग हे प्रामुख्याने तीन वर्षांचं आउसबिल्डुंग आहे : निम्मं शिक्षण शाळेत, निम्मं प्रत्यक्ष कामावर, वर दरमहा विद्यावेतन. मी वडिलांना एवढंच म्हटलं, “त्याला मजुरी म्हणायची असेल, तर सिस्टर तिथे कशासाठी निघाल्यात?” ते गप्प झाले. सिस्टरनी पहिल्यांदाच मान वर केली.

आता ‘दहावी करून नेऊ’चं. मला हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा वाटतो, आणि कारण वयाचं आहे. आपली दहावी होईपर्यंत मूल सोळाला टेकतं. त्या वयात जर्मन न येणारं मूल बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये गेलं की त्याला बहुधा नेहमीच्या शाळेत घेत नाहीत, व्यावसायिक शाळेतल्या भाषेच्या वर्गात पाठवतात. ज्या गिम्नाझियुमसाठी थांबायचं, त्याचंच दार थांबल्यामुळे लांब जातं. व्हिसाचंही तसंच. सोळाच्या आत मुलाला भाषेची अट नाही. सोळानंतर ते आईवडिलांच्या मागाहून एकटं जाणार असेल तर लागू शकते. कुशल कामगारांच्या काही परवान्यांना त्यातून सूट आहे, म्हणून आपला परवाना कोणत्या कलमाखालचा हे एजंटकडून ऐकू नका, लेखी घ्या. एवढं करून आपली दहावी तिथे मुलाच्या हाती फार काही देत नाही. आपली बारावीसुद्धा तिथल्या विद्यापीठाला एकटी सहसा पुरत नाही.

इंटरनॅशनल शाळेबद्दलही मी स्पष्ट बोलले. कंपनीने दोन-तीन वर्षांसाठी पाठवलंय, फी कंपनी भरणार आहे आणि नंतर परत यायचं किंवा तिसऱ्याच देशात जायचंय, तर ती शाळा उत्तम, कारण तिथला अभ्यासक्रम जगात कुठेही पुढे चालू ठेवता येतो. पण तुम्ही राहायला चालला आहात. फी वर्षाला पंधरा-वीस हजार युरोंच्या घरात, सरकारी शाळेत शून्य. आणि इंग्रजी शाळेत ठेवलेली मुलगी चार वर्षांनी शेजाऱ्याशी जर्मनमध्ये धड बोलू शकणार नाही, मग आउसबिल्डुंग असो वा विद्यापीठ, बहुतेक वाटा तिथेच अडतील.

“मग यातली कुठली?” वडिलांनी पुन्हा प्रिंटआउट पुढे सरकवला.

त्यांना सांगितलं, सरकारी शाळा सांगलीत बसून ठरत नाही. आधी तिथे घर, मग पत्त्याची नोंदणी, मग शाळाखात्याचं कार्यालय किंवा शाळेशी भेट. तुम्हाला आत्ता निवडायचंय ते घर. सिस्टर आधी एकट्या जाणार आहेत, त्यांनी घर शोधताना भाड्याइतकंच हे विचारायचं, की जवळच्या कुठल्या शाळेत फोरबेराइटुंग्सक्लास आहे. परदेशातून आलेल्या मुलांना आधी भाषा शिकवणारा हा तयारीवर्ग. मूल साधारण वर्षभर, कधी जास्त, तिथे असतं. गणित, खेळ, संगीत अशा तासांना नेहमीच्या वर्गात बसायला लागतं आणि हळूहळू पूर्ण तिकडे जातं.

वडील थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, “म्हंजे आधी खुंट धरू द्यायचा, मग कलम भरायचं.” डॉगरिजचा खुंट लावून तो मुळं धरेपर्यंत थांबायचं आणि मगच त्यावर द्राक्षाचं कलम करायचं, हे त्यांनी हाताने केलेलं काम. तयारीवर्ग म्हणजे वर्ष वाया, ही त्यांची समजूत तिथे संपली. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या भेटीलाही दोघेच आले. कागदपत्रांवर बोललो : शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, जन्मदाखला, अधिकृत भाषांतर. शिवाय गोवराच्या लसीचा पुरावा. मार्च 2020 पासून तिथल्या शाळेत गोवराचे दोन डोस झाल्याची नोंद दाखवावी लागते. आजींच्या ट्रंकेतून लसीकरणाचं कार्ड निघालं, घडीवर फाटलेलं, आणि त्यात दुसऱ्या डोसचा रकाना कोरा. सांगलीतच बालरोगतज्ज्ञांकडे डोस देऊन शिक्क्यासह नोंद घ्या म्हटलं. तिथे पोचल्यावर हे लक्षात आलं असतं तर पहिल्याच आठवड्यात धावपळ झाली असती.

हे सगळं लिहून दिलं आणि दोघे उठता उठता मी विचारलं, “तिचं काय म्हणणं आहे?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला अजून सांगितलंच नव्हतं. व्हिसा होईपर्यंत कशाला, अभ्यासातून लक्ष उडेल. हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारायला हवा होता. दोन तास आम्ही तिघं मोठी माणसं तिची शाळा ठरवत बसलो होतो.

तिसऱ्या भेटीला ती एकटी आत आली. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, मांडीवर दप्तर घट्ट धरलेलं. मी जर्मनीचा विषय काढायच्या आतच म्हणाली, “मला माहितीये मॅडम. मम्मीची कार्डं फ्रिजवर चिकटवलेली असतात.” मग दप्तरातून एक वही काढली. मागच्या पानांवर देवनागरीत जर्मन शब्द, समोर मराठी अर्थ, आणि वरच्या ओळीत चौकटीत : देअर – तो, डी – ती, दास – ते.

“मी गुपचूप शिकलो,” ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली असंच बोलतात, ‘मी आलो, मी गेलो’. “इंग्लिशमध्ये तो, ती, ते नसतं ना खुर्चीला. जर्मनमध्ये आहे, आपल्यासारखं. आणि चोवीस पण आपल्यासारखंच. आधी चार, मग वीस. फिअर-उंड-त्स्वांत्सिश.”

जर्मनमधली तीन लिंगं आणि उलटे वाचायचे आकडे यांनी इंग्रजीतून शिकणारे मेटाकुटीला येतात. मराठीत वाढलेल्या या पोरीला ते ओळखीचं वाटलं होतं. अर्थात खुर्ची आपल्याकडे ती आणि तिथे तो, हेही तिने वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतं.

मग तिला भीती कशाची? बराच वेळ वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “तिथं मला खालच्या वर्गात बसवतील. सगळ्यांना वाटेल मी ढ आहे.” पहिलीपासून पहिल्या नंबरची मुलगी. मैत्रिणी, आजी, खो-खोचा संघ हे सगळं नंतर आलं, रडणंही त्यावरच आलं. पण पहिला शब्द ‘ढ’ हाच होता, आणि घरात एकालाही त्याचा अंदाज नव्हता.

खोटा धीर मी दिला नाही. खालच्या वर्गात बसवतील, एक वर्ष मागे बसणं तिथे नेहमीचं आहे, आणि पहिले काही महिने तुला येत असलेलंही सांगता येणार नाही, असं सांगितलं. आणखी एक सांगितलं, जे इथून जाणाऱ्या हुशार, शांत मुलांना मी आता आवर्जून सांगते : तिथे वर्गात बोलण्याचे गुण असतात. हात वर करणं, उत्तर देणं, चुकणं, वाद घालणं, हे धरून निकालपत्रकातला आकडा ठरतो. आपण मुलांना हाताची घडी घालून बसायला शिकवतो, विचारल्याशिवाय बोलू नकोस म्हणतो. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारं मूल तिथे गप्प बसल्यामुळे मागे पडतं आणि पालकांना कारण कळत नाही. तिला मी गृहपाठ दिला : इथल्या वर्गात रोज एकदा तरी न विचारता हात वर करायचा. उत्तर चुकलं तर त्याची वहीत खूण करायची.

मग चौघं एकत्र बसलो आणि बाकीचं लवकर ठरलं. आठवी इथे पूर्ण. सिस्टर आधी जातील. मधल्या महिन्यांत मुलीला ऑनलाइन जर्मन, ए-वन पातळीपर्यंत. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते, तर ऑगस्टमध्ये पोचायचं. एप्रिलची खरड छाटणी उरकून बाग धाकट्या भावाकडे द्यायची. परत यावं लागलं तर काय, हेही वडिलांनी विचारलं, आणि ते विचारायलाच हवं. परत आल्यावर परदेशी बोर्डाच्या निकालाची समकक्षता इथे दाखवावी लागू शकते, म्हणून तिथला प्रत्येक निकाल जपून ठेवा, आणि घरात मराठी वाचन थांबवू नका.

जाताना वडिलांनी प्रिंटआउट टेबलावरच सोडला. घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, “राहू दे, त्याचं काम झालं.”

जानेवारी 2025 मध्ये सिस्टर गेल्या, ऑगस्टमध्ये बाकी दोघे. पहिले तीन महिने वाईट गेले, ते लपवत नाही. नोव्हेंबरमध्ये पाच वाजताच अंधार पडू लागला, तेव्हा पोरीने आजीला फोन करून “मला न्यायला या” म्हटलं होतं, आणि सिस्टरनी मला तिथल्या मध्यरात्री संदेश पाठवला होता. मी लगेच उपाय सुचवला नाही. शाळेतल्या समाजसेविकेला भेटा, तिथे बऱ्याच शाळांत ती असते, आणि रविवारी तिला बरोबर घेऊन पोळ्या करा, एवढंच लिहिलं. डिसेंबरात तिला हँडबॉलच्या संघात घेतलं. खो-खोचे पाय तिथे उपयोगी पडले.

या फेब्रुवारीत सहामाहीचं निकालपत्रक आलं. ती अजून तयारीवर्गात आहे, पण गणिताला आठवीच्या वर्गात बसते. तिने ते आजींना फोनवर वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी आजी रिक्षा करून मिरजेहून थेट माझ्याकडे. पदराने चष्मा पुसत खुर्चीत टेकल्या.

“मॅडम, पोरीला गणितात एकच मार्क पडला म्हनं. पहिला नंबर यायचा तिचा. काय झालं असंल वो?”

मी सांगितलं, तिथे एक हा सगळ्यात वरचा आणि सहा सगळ्यात खालचा. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. खात्री पटेना, तेव्हा माझ्या फोनवरून तिलाच लावला. तिकडे मधली सुट्टी चालली असावी, मागे पोरांचा कालवा होता.

“होय गं आजी, एकच म्हंजे पहिला! पण जर्मनला चार हाय. बोलण्याचं कमी पडलं.” आणि मग, जरा खालच्या आवाजात, “मॅडमना सांग, या आठवड्यात सहा वेळा हात वर केला. चार वेळा चुकलो.”