डॉकर बिल्डमध्ये पाययॅमल 5.4.1 इन्स्टॉल होत नाही, 'सायथॉन_सोर्सेस' असा ॲट्रिब्यूट एरर येतो. काय करावं?

तुमच्या डॉकरफाइलमध्ये काही चूक नाही. पाययॅमल ही यॅमल फाइल्स वाचणारी पायथॉन लायब्ररी. जुलै 2023 मध्ये सायथॉन 3 (पायथॉनसारख्या कोडचं सी मध्ये रूपांतर करणारं टूल) आलं आणि पाययॅमलच्या जुन्या सोर्सचं त्याच्याशी जमेना. पायथॉन 3.9 पर्यंत 5.4.1 चं तयार व्हील (आधीच बिल्ड केलेलं पॅकेज) मिळतं, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालत असेल, पण 3.10 च्या इमेजवर (किंवा अल्पाइन या छोट्या लिनक्सवर) पिप, म्हणजे पायथॉनचा पॅकेज इन्स्टॉलर, सोर्सपासून बिल्ड करायला जातं आणि तिथेच अडतं.

सरळ उपाय म्हणजे पाययॅमल 6.0.1 घ्या. एखादं जुनं पॅकेज 5.4.1 वरच अडून बसलं असेल, तर रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये 'सायथॉन<3' लिहून काही होणार नाही. बहुतेक जण इथेच फसतात. पिप बिल्डसाठी वेगळं, तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट बनवतं आणि तुमची यादी तिथे बघतच नाही. त्याऐवजी ती ओळ वेगळ्या कन्स्ट्रेंट फाइलमध्ये (कोणत्या आवृत्त्या चालतील याची मर्यादा सांगणारी फाइल) टाका, फाइल इमेजमध्ये कॉपी करा आणि इन्स्टॉलच्या त्याच रन ओळीत 'पिप_कन्स्ट्रेंट' या व्हेरिएबलला तिचा पाथ द्या. अगदी नव्या पिपमध्ये यासाठी स्वतंत्र 'बिल्ड-कन्स्ट्रेंट' पर्याय आहे, तो वापरा.

व्हेरिएबल डॉकरफाइलच्या 'एन्व्ह' ओळीत ठेवू नका, नाहीतर तो पुढच्या प्रत्येक पिप कमांडला लागू होत राहील.