'मातीचं तेल' की 'मातीतलं तेल'?

इंदूरच्याच एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या चिरंजीवांना मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पाच मिनिटं बोलायचंय, विषय त्याने स्वतःच निवडलाय आणि कागदावर लिहिलंय 'ध्रुवाकडे मातीच्या तेलाचं प्रदूषण आणि मातीचे किटाणू'. सासूबाई वाचून हसत सुटल्या, म्हणाल्या अरे घासलेटावर भाषण आहे का तुझं? तर ताईंचा प्रश्न असा की 'मातीचं' चुकीचं का, अर्थ तर कळतोच ना.

कळतो, पण ज्याला हिंदी येतं त्याला दुसराच कळतो. आपल्याकडे राशनच्या दुकानावर जे मिळायचं ते 'मिट्टी का तेल', लहानपणी मीही डबा घेऊन त्या लायनीत उभा राहिलोय. घरी आल्यावर आजी त्यालाच घासलेट म्हणायची (गॅसलाइटचं घासलेट झालं म्हणतात) आणि पुण्याहून आलेली काकू रॉकेल. मराठीत 'मातीचं तेल' असा शब्द नाहीच, तो आपण हिंदीवरून उचलतो.

आता मुद्दा 'चं' आणि 'तलं' चा. 'चं' लागलं की ती वस्तू कशापासून झाली, कोणाची आहे, मूळ कुठलं ते कळतं, जसं तिळाचं तेल, शेंगदाण्याचं तेल. 'तलं' मध्ये फक्त आत्ता कुठे आहे एवढंच, म्हणजे कढईतलं तेल. कढईचं तेल कोणी म्हणत नाही, कढईतून तेल निघत नाही म्हणून. हिंदीत असा 'तलं' नाही, तिथे 'मिट्टी में मिला हुआ तेल' असं लांबण लावावं लागतं, म्हणून हिंदी शाळेत शिकणारी आपली मुलं सगळीकडे 'चं' ठोकून देतात. तेव्हा टाकीतून सांडून जमिनीत गेलेलं ते मातीतलं तेल. त्याहून चांगलं मला 'मातीत मुरलेलं तेल' वाटतं, कारण होतं तेच. 2020 च्या मे महिन्यात रशियात नोरिल्स्कजवळ टाकी फुटून 20 हजार टनांच्या वर डिझेल सांडलं, बरंचसं नदीनाल्यात गेलं आणि काही जमिनीत मुरलं. तिकडे खाली पर्माफ्रॉस्ट असतो, म्हणजे सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर न आलेली जमीन. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो, तेल त्यात मुरतं, खालच्या गोठलेल्या थराला जाऊन अडतं आणि मग आडवं पसरत जातं.

गंमत म्हणजे मुलगा अगदीच चुकला नाहीये हां. अंटार्क्टिकावर न्यूझीलंडचं स्कॉट बेस नावाचं ठाणं आहे, तिथल्या मातीत सांडलं ते विमानाचं इंधन, आणि जेट फ्युएल म्हणजे केरोसिनच, जास्त साफ केलेलं. म्हणजे मिट्टी के तेलानेच मिट्टी बिघडली! पण हे भाषणात समजावत बसला तर पाच मिनिटं त्यातच जातील.

किटाणू मात्र काढाच, तो साबणाच्या जाहिरातीतला शब्द आहे, शिवाय हे जीव रोग पसरवणारे नाहीत, तेल खाणारे आहेत. 'सूक्ष्मजीव' म्हटलं की बुरशीसकट सगळे येतात, फक्त बॅक्टेरिया असतील तर जीवाणू. तेलखाऊ जीवाणू म्हणायला लाजू नका, समुद्रातल्या अशाच एका जीवाणूचं शास्त्रीय नाव अल्कॅनिव्होरॅक्स आहे, त्याचा अर्थही तोच, अल्केन फस्त करणारा, आणि अल्केन म्हणजे तेलातलाच एक घटक.

आणि इथे बघा, जीवाणूंच्या बाबतीत 'मातीचे' आणि 'मातीतले' दोन्ही बरोबर आहेत पण अर्थ वेगळे. बाहेरून आणून टाकले तरी ते मातीतले होतील, मातीचे नाही होणार. जसं बदली होऊन आलेला माणूस इंदुरात असतो, पण होळकरांच्या काळापासून रामबागेत राहिलेलं घराणं इंदूरचं असतं. अंटार्क्टिकावर हा फरक कायद्यातच आहे, 1991 साली माद्रिदला झालेल्या करारामुळे परवान्याशिवाय परके जीव तिथे नेता येत नाहीत, त्यामुळे तेलखाऊ जीवाणू बाटलीत भरून न्यायचे असला बेत चालत नाही. तिथल्या मातीचेच जे आहेत, ऱ्होडोकॉकस, स्यूडोमोनास वगैरे, त्यांनाच खाऊ घालावं लागतं. तेल सांडलं की त्यांची संख्या तशीही वाढते, पण तेलात सगळा कार्बनच, नायट्रोजन-फॉस्फरस जवळजवळ नाही, नुसतं तूप पिऊन माणूस किती दिवस काढेल तसं आहे ते. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या केसी ठाण्यावर तेलकट माती खणून तिचे ढीग केले, खत मिसळलं, हवा खेळवली. खतही बेतानंच, त्या कोरड्या मातीत जास्त झालं तर खारटपणा वाढून जीवाणूच आखडतात.

तेव्हा ताई, शीर्षक असं करा: 'ध्रुवाकडच्या मातीत मुरलेलं तेल आणि त्या मातीचे तेलखाऊ जीवाणू'. थोडं लांब आहे, पण 'मुरलेलं' ऐकून सासूबाईंना घासलेट नाही आठवणार, लोणचं आठवेल.